पान कुणाच्या भाषेत लावायचे?

दोन ओळी गेल्या. मी अनुवादित केलेल्या एका कवितासंग्रहात तेहेतिसाव्या पानावरची कविता दोन ओळी आधीच संपली. हे मला पुस्तक हातात पडल्यावर, तेही तिसऱ्या दिवशी कळले. तोवर पुस्तक दुकानांत गेले होते. एका वाचकाने तर 'शेवट मोकळा सोडलात ते बरे केलेत' असे आवर्जून कळवले. त्यांना काय उत्तर द्यावे ते आजही मला सुचलेले नाही.

संग्रह द्वैभाषिक होता. डावीकडे मूळ कन्नड, उजवीकडे मराठी. पाने लागली महाराष्ट्राबाहेर, दूरच्या एका शहरात. लावणारे गृहस्थ हिंदीभाषक आणि कामात चोख. देवनागरी त्यांना वाचता येई, मराठी कळत नसे. शेवटचे मुद्रित पाहून झाल्यावर मी त्यांना फोनवर सांगितले, 'नीचे थोड़ी और जगह छोड़िए.' मला म्हणायचे होते की मजकुराची अख्खी चौकट थोडी वर सरकवा, म्हणजे खालचा समास वाढेल. त्यांनी घेतलेला अर्थ असा की चौकटीची खालची कड वर ओढायची. त्यांनी ती ओढली. चौकट आखूड झाली आणि शेवटच्या दोन ओळी तिच्यात मावेनात. अशा वेळी पडद्यावर चौकटीच्या कोपऱ्यात एक बारीक लाल अधिकचिन्ह उमटते आणि खिडकीच्या तळाशी एक लाल ठिपका लागतो. छपाईला जाणाऱ्या पीडीएफमध्ये मात्र ते अधिकचिन्ह येत नाही, आणि न मावलेला मजकूरही येत नाही. कविता संपली की नाही हे ज्याला कळू शकत होते ती मी पडद्यासमोर नव्हते. जो पडद्यासमोर होता त्याला कविता कळत नव्हती.

चूक माझी होती. समास वेगळा आणि चौकट वेगळी हे मला माहीत नव्हते असे नाही. पण त्या दोन गोष्टी दोन वेगळ्या शब्दांनी सांगायच्या असतात, याची सवय मला नव्हती. मी 'जागा' म्हणाले. एका शब्दाच्या प्रतिशब्दासाठी आठवडा घालवणारी, तौलनिक साहित्याच्या वर्गात चिन्ह आणि चिन्हितावर टिपणे काढलेली बाई पान लावायची वेळ आली तेव्हा 'नीचे थोड़ी जगह' एवढेच बोलू शकली. हा लेख त्या लाजेतून लिहिते आहे. पण लाज एकटीची नाही, आपल्या सगळ्या लेखक-अनुवादक-संपादक मंडळींची आहे, असे माझे म्हणणे आहे आणि ते मी पुढे भांडून सांगणार आहे.

पान लावायच्या कोणत्याही आज्ञावलीची खिडकी उघडा. मध्ये पांढरे पान. त्याच्याभोवती मोकळी जागा, तिला पेस्टबोर्ड म्हणतात. पानाच्या आत चार बाजूंना मार्जिन. पानाच्या कडेबाहेर दोनतीन मिलिमीटरवर आणखी एक रेघ, ती ब्लीड. दोन रकान्यांमधली फट म्हणजे गटर. ओळींमधले अंतर म्हणजे लेडिंग. परिच्छेदाची शेवटची ओळ एकटी पुढच्या पानावर गेली तर ती विडो, पहिली ओळ एकटी मागच्या पानाच्या तळाशी राहिली तर ती ऑर्फन. सगळ्या पानांवर आपोआप उमटणाऱ्या गोष्टी जिथे एकदाच मांडून ठेवतात ते मास्टर पेज.

'हे तांत्रिक शब्द आहेत, ते इंग्रजीतच असणार' असे आपण म्हणतो. पण यातला एकही शब्द जन्माने तांत्रिक नाही. लेडिंग म्हणजे ओळींमध्ये सारायच्या शिशाच्या पट्ट्या. पेस्टबोर्ड म्हणजे पुठ्ठा. गटर म्हणजे गटारच. ब्लीड म्हणजे रक्त वाहणे. हे सगळे छापखान्यातल्या कामगारांचे बोलणे आहे, हाताला शाई लागलेल्या माणसांचे, बरेचसे रांगडे. १९८५ साली ऑल्डस या कंपनीचे पेजमेकर आले. तिचा संस्थापक पॉल ब्रेनर्ड स्वतः वृत्तपत्राच्या जगातून आला होता. त्याने कंपनीला नाव दिले ते व्हेनिसमधला जुना मुद्रक आल्डस मानुशियस याचे, आणि पडद्यावर जो देखावा उभा केला तो पान चिकटवणाऱ्याच्या टेबलाचा. मधे पान, भोवती कापून ठेवलेले तुकडे. पुढे क्वार्क एक्सप्रेस आले, १९९९ मध्ये इनडिझाइन आले, पण ते टेबल तसेच राहिले. म्हणजे इंग्रजीने काय केले? तंत्र बदलताना कामगाराची बोली फेकून दिली नाही. शिसे गेले तरी लेडिंग राहिले.

आपण काय केले ते आता पाहू.

मराठीचे छापील पान सुरुवातीपासून परक्या हातांनी लागले, हे खरे. थॉमस स्टीफन्सचे 'क्रिस्तपुराण' १६१६ मध्ये गोव्यात राशोलला छापले गेले ते रोमन लिपीत. विल्यम कॅरीचे मराठी व्याकरण १८०५ मध्ये बंगालातल्या श्रीरामपूरला छापले गेले. तिथले देवनागरी खिळे पंचानन कर्मकार यांच्या परंपरेतल्या बंगाली कारागिरांनी घडवले. त्याच कॅरीच्या १८१० च्या मराठी कोशात मराठी शब्द मोडीत छापले होते. पण नंतर मुंबईत गणपत कृष्णाजींचा छापखाना आला, आणि अमेरिकन मिशनच्या छापखान्यात पोरवयात कामाला लागलेल्या जावजी दादाजींनी १८६९ मध्ये निर्णयसागर उभा केला. तोवर या कामाला मराठी तोंड फुटले होते. खिळे जुळवणारा तो जुळारी. दगडावरून छापायचे ते शिळाप्रेस. कच्चा छाप तपासायचा तो मुद्रितशोधक. गळलेले अक्षर दाखवायची खूण हंसपद. छापखान्यातला खिळा कसा आहे यावरून अखंड आणि डिग्री असे भेद पडत. अखंड खिळ्यात अक्षर आणि त्याची मात्रा एकत्र ओतलेली असे, डिग्रीत मात्रा वेगळी ओतून अक्षराच्या डोक्यावर बसवत. डिग्री शब्द इंग्रजी आहे, हरकत नाही. फर्मा, गॅली, केस हेही बाहेरचेच. ते मराठी तोंडात बसले, त्यांना मराठी विभक्ती लागली, काम झाले. वृत्तपत्राच्या कचेरीत आजही पान 'लावतात' आणि 'सोडतात', मजकूर 'बसतो' किंवा 'बसत नाही', बातमी 'तोडतात'.

मग विसाव्या शतकाच्या शेवटच्या पंधरावीस वर्षांत संगणक आला. जुळारी घरी गेला, किंवा चाळिशीत माउस धरायला शिकला. त्याच्याबरोबर त्याची बोलीही घरी गेली. नव्या यंत्रासमोर बसलेल्या मुलाला कुणी सांगितले नाही की या रेघेला तुझ्या आधीच्या माणसाकडे शब्द होता. त्या मुलाला 'डीटीपीवाला' असे नाव पडले. लेखकाच्या तोंडी हा शब्द कसा येतो ते ऐका. 'डीटीपीवाल्याने घोळ घातला.' त्याच्या नावाने आपण कधी दुसरे वाक्य केले आहे का?

यावर दोन बाजूंनी आक्षेप येतात. दोन्ही मला माझ्याच वर्तुळातून ऐकावे लागले आहेत.

पहिला आक्षेप असा की सगळे जग मार्जिन आणि ब्लीड म्हणते, आज्ञावलीच्या यादीतही तेच लिहिलेले असते, तेव्हा मराठीचा हट्ट कशाला? असे म्हणणाऱ्यांना मी विचारते की तुम्ही तरी ते इंग्रजी शब्द वापरता का? लेडिंग म्हणजे काय ते सांगा. शंभर मराठी लेखकांना विचारले तर किती जण सांगतील? आपण इंग्रजी वापरत नाही आणि मराठीही वापरत नाही. आपण 'जरा वर घ्या', 'जरा मोकळं करा', 'काहीतरी चुकतंय' असे बोलतो. समोरचा माणूस अंदाजाने काहीतरी करतो. इंग्रजी शब्द चालेल असे म्हणणे ही आपल्याला कोणताच शब्द येत नाही हे झाकायची युक्ती आहे. आणि आज्ञावलीच्या यादीतले शब्द बदला असे मी म्हणतही नाही. मी बोलते आहे ते संपादक आणि पान लावणारा यांच्यातल्या बोलण्याविषयी. ते बोलणे मराठीतच होते. त्यात फक्त नामे नसतात.

शब्द म्हणजे नुसता शिक्का, त्यात काय आहे, असेही म्हणतात. काही वर्षांपूर्वी इनडिझाइनने मास्टर पेज हे नाव काढून तिथे पेरेंट पेज केले. मालक-गुलाम या जोडीची आठवण देणारा शब्द नको, अशी भावना त्या क्षेत्रात पसरली होती. ज्यांच्या घरची भाषा आहे ते आपल्या पडद्यावरच्या शब्दांचा एवढा विचार करतात. आपल्याला मात्र विडो कंट्रोल हे मराठीत 'विधवा नियंत्रण' होईल याची कल्पनाही टोचत नाही, कारण आपण ते मराठीत आणणारच नाही असे ठरवून टाकले आहे. विधवांच्या केशवपनावरून ज्या समाजात दीडशे वर्षे भांडणे झाली, जिथे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेला विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव करावा लागला, तिथे एकट्या पडलेल्या ओळीला विधवा म्हणायचे नाही हे कळायला परिभाषा समिती लागत नाही. एक ओळ पुढे गेली आहे, एक मागे राहिली आहे. पुढे गेलेली ओळ, मागे राहिलेली ओळ. एवढे पुरते. शिवाय कोणती कुठे हेही शब्दातूनच कळते. इंग्रजीत विडो कुठली आणि ऑर्फन कुठली याचा घोळ भल्याभल्यांचा होतो.

दुसरा आक्षेप उलट्या बाजूने येतो. परिभाषा हवीच, पण ती शास्त्रशुद्ध, संस्कृत धातूंवरून घडवलेली हवी, आणि ते काम शासनाच्या संस्थेचे आहे. भाषा संचालनालयाची मी टर उडवणार नाही. पदनाम कोशाची एके काळी खूप हेटाळणी झाली, पण जिल्हाधिकारी आणि संचालक म्हणताना आज कुणाची जीभ अडखळत नाही. शब्द नवा असतो तेव्हा हसू येते आणि वापरला की हसू जाते, हे आपल्या अनुभवाचे आहे. माझी तक्रार वेगळी आहे. पदनाम फलकावर लिहायचे असते, पान लावायचा शब्द ओरडून सांगायचा असतो. पंखा चालू आहे, शेजारी छपाईयंत्र धडधडते आहे, अंक रात्री सुटायचा आहे, अशा वेळी जो शब्द खोलीच्या या टोकाहून त्या टोकाला पोचत नाही तो कितीही शुद्ध असला तरी उपयोगाचा नाही. आणि हे पारखायला समितीत एक तरी माणूस असा लागतो ज्याने रात्री अकरा वाजता पान सोडले आहे.

या बाबतीत एक गोष्ट मला फार बोलकी वाटते. देवनागरी मुद्राक्षरांचा सर्वांत मोठा अभ्यास बापूराव नाईक यांनी केला. तीन खंड, १९७१ साली मुंबईत प्रसिद्ध झाले. प्रकाशक महाराष्ट्र शासनाचे भाषा संचालनालय. ग्रंथाचे नाव 'टायपोग्राफी ऑफ देवनागरी'. ग्रंथ इंग्रजीत आहे. इंग्रजीत लिहिल्याबद्दल मी नाईकांना दोष देत नाही, त्यामुळे तो जगभर वाचला गेला. पण मराठी छापखान्यात आयुष्य गेलेल्या जुळाऱ्याला आपल्या हातातल्या खिळ्यांचा इतिहास आपल्या भाषेत वाचायला मिळावा, असे मराठीच्याच संस्थेला तेव्हा वाटले नाही याची नोंद तरी करायला हवी.

मग शब्द कुठून आणायचे? आणायचे नाहीतच, बरेचसे घरात आहेत. समास घ्या. 'समास सोडून लिही' हे मराठी शाळेत गेलेल्या प्रत्येक मुलाने ऐकले आहे. वहीच्या डाव्या बाजूला पट्टीने रेघ मारून आपण सगळ्यांनी समास आखला आहे. असा रुळलेला शब्द असताना मोठेपणी पुस्तक करताना आपण मार्जिन का म्हणतो? पुस्तकाला शिवण असते, म्हणून आतल्या बाजूचा तो शिवणीकडचा समास. इंग्रजीत गटर हा शब्द शिवणीकडच्या जागेलाही वापरतात आणि दोन रकान्यांमधल्या फटीलाही. आपण दुसऱ्याला गल्ली म्हणू. दोन गोष्टींना दोन शब्द.

ब्लीडचे तर नवलच आहे. चित्र पानाच्या कडेपर्यंत न्यायचे असेल तर ते कडेच्या बाहेर साधारण तीन मिलिमीटर वाढवून ठेवतात. कारण कटाई करताना पाते केसभर इकडेतिकडे गेले तर कडेला पांढरी रेघ दिसू नये. म्हणजे चुकीसाठी राखलेली जास्तीची जागा. कापड बेतताना असे जास्तीचे कापड ठेवतात त्याला शिंपी काय म्हणतो? माया. 'शिवणीत माया ठेवा, पोराचं अंग वाढतंय.' ज्या भाषेत या तीन मिलिमीटरला माया म्हणता येते तिने तिथे रक्त का सांडावे? पुण्यात एका पाने लावणाऱ्या काकांना मी हे सांगितले. ते मुळात जुळारी. म्हणाले, 'ताई, आम्ही कटिंगला जास्तीचं सोड असं म्हणायचो. पण माया बरं आहे. पोरांना सांगतो.' महिन्याभराने गेले तर त्यांच्या हाताखालची मुलगी फोनवर कुणाला तरी सांगत होती, 'सर, तुमच्या जाहिरातीला माया नाहीये, परत पाठवा.' पलीकडच्याने काय समजून घेतले ठाऊक नाही, पण फाइल परत आली आणि कडेला माया होती.

मजकूर एका चौकटीतून दुसऱ्या चौकटीत नेतात त्याला इंग्रजीत थ्रेडिंग म्हणतात. आपल्याकडे ओवणे आहे. चौकटी एकमेकींत ओवायच्या. मजकूर चौकटीत मावला नाही तर तो उतू गेला. दूध उतू जाते तेव्हा सगळे घर धावते, तसेच हा शब्द ऐकून पान लावणाऱ्याने धावायला हवे. माझ्या दोन ओळींसाठी कुणी धावले नाही, कारण त्या अवस्थेला आमच्या बोलण्यात नावच नव्हते. मास्टर पेजला मी कित्ता म्हणते. कित्ता एकदा नीट घालून द्यायचा, मग पुढची पाने तो गिरवतात. पेस्टबोर्डला पडवी म्हणून पाहिले आहे. घराच्या आत नाही, पण छपराखाली आहे, आणि लगेच लागणार नाही ते तिथे काढून ठेवायचे. 'ते चित्र पडवीत ठेव' हे पहिल्यांदा ऐकणाऱ्यालाही कळते. पण पडवी शहरातल्या मुलांनी पाहिलेली नसते, हा आक्षेप मला मान्य आहे. कुणाला याहून बरा शब्द सुचला तर पडवी मी सोडून देईन. फॉन्ट, फ्रेम, लेअर हे आहेत तसेच राहू देत. कागद, शाई, मजकूर हे फारसी-अरबीतून आले. सतराव्या शतकात राज्यव्यवहारकोश झाला तरी ते गेले नाहीत, आणि त्यांच्यामुळे आपले काही बिघडले नाही. माझा झगडा परक्या शब्दांशी नाही, मुकेपणाशी आहे.

मुकेपणाची किंमत केवळ माझ्या दोन ओळी एवढीच असती तर लेख लिहिला नसता. परक्या शब्दांबरोबर परक्या अक्षरांची गृहीतकेही येतात, आणि ती देवनागरीला लागू पडत नाहीत. इनडिझाइनमध्ये ओळींमधले अंतर आपण ठरवले नाही तर ते अक्षराच्या आकाराच्या १२० टक्के धरले जाते. बारा पॉइंटाला चौदा पूर्णांक चार. रोमनला ते चालते. देवनागरीत वरून मात्रा आणि रफार, खालून उकार आणि ऋकार. वरच्या ओळीची वेलांटी नसली तरी तिचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेवर आदळतो. रोमन अक्षरे तळरेघेवर उभी असतात, आपली शिरोरेषेला लटकतात. शब्द फाकवण्यासाठी अक्षरांत अंतर वाढवले की रोमन शब्द नुसता विरळ होतो, आपल्या शब्दाची शिरोरेषा तुटते. दोन्ही कडा सरळ करताना आज्ञावली हेच अंतर आपोआप वाढवू लागली तर अख्ख्या परिच्छेदाचे दात पडल्यासारखे दिसते. पहिले अक्षर मोठे करायचे असेल तर यंत्र कॅरॅक्टर मोजते. 'क्षि' हे आपल्यासाठी एक अक्षर आहे, युनिकोडसाठी ते चार संकेतांक आहेत. अक्षर हा आपला शब्द, कॅरॅक्टर हा त्यांचा. दोन्हींचा अर्थ एक नाही, आणि हा फरक ज्याला शब्दांत सांगता येत नाही त्याच्या पुस्तकात तो पानावर दिसतो.

महाराष्ट्राबाहेर मराठी छापली जाते तेव्हा हे दुप्पट होते. मजकुरासाठी योग्य जुळवणी निवडली नाही तर ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या मागे जाऊन बसते आणि जोडाक्षरे सुटी होतात. ते निदान डोळ्यांत भरते. न भरणारे जास्त असते. आपला ल आणि आपला श हिंदीहून निराळे. महाराष्ट्र शासनाने २००९ मध्ये तशी वर्णमाला अधिकृत केली. चांगल्या फॉन्टमध्ये दोन्ही रूपे असतात, पण मजकुराची भाषा मराठी अशी नोंदवली तरच मराठी रूप उमटते. 'वाऱ्यावर'मधला अर्धा र, 'दर्या'मधल्या रफारापेक्षा वेगळा आहे हे माहीत नसलेला माणूस तो सहज बदलून टाकेल. त्याला मी काय सांगणार? 'जरा नीट करा'? रघुनाथ कृष्ण जोशींसारख्या माणसाने 'मंगल' फॉन्ट घडवून देवनागरी विंडोजच्या पडद्यावर आणली. आपण त्या पडद्यासमोर बसून 'जरा नीट करा' म्हणतो.

म्हणून माझे भांडण शेवटी माझ्याच जातभाईंशी आहे. आपण अनुवादक शब्दाची सूक्ष्मता, संस्कृतीची अनुवादक्षमता, अवकाश आणि मौन यांवर चर्चासत्रे घेतो. कवितेतल्या कोऱ्या जागेवर निबंध लिहितो. ती कोरी जागा पानावर कोण आखतो, किती मिलिमीटर आखतो आणि ती त्याला कोणत्या शब्दांत सांगायची, हे विचारले की आपण 'ते प्रकाशकाचं काम' म्हणून मोकळे होतो. यात तांत्रिक अडाणीपणा जितका आहे तितकाच जुना शिष्टपणाही आहे. डोक्याचे काम आपले आणि हाताचे काम त्याचे, म्हणून त्याच्या कामाचे शब्द शिकणे आपल्याला शोभत नाही. खिळे जुळवणाऱ्याशी आपले आजोबा असेच वागले. फरक इतकाच की त्याच्याकडे स्वतःचे शब्द होते. त्याच्या जागी आलेल्याकडे तेही आपण राहू दिले नाहीत.

करण्यासारखे थोडे आहे आणि ते सगळे आपल्या हातात आहे. प्रत्येक प्रकाशकाने दोन पानांची शब्दावली करावी, तीसेक शब्दांची. ती संपादकाने एकट्याने करू नये, पान लावणाऱ्याच्या शेजारी खुर्ची टाकून करावी, आणि त्याच्या तोंडी आधीच असलेला शब्द पहिला घ्यावा. म्हातारे जुळारी अजून आहेत, त्यांच्याकडे जाऊन विचारावे. फार वर्षे उरलेली नाहीत. स्क्रायबससारख्या मुक्त आज्ञावलीचे पडद्यावरचे शब्द भाषांतरासाठी खुले असतात. तिथे मराठी शब्द घालायला कुणाची परवानगी लागत नाही, फक्त बसावे लागते. अनुवादाच्या अभ्यासक्रमात एक आठवडा पान लावण्याला द्यावा. विद्यार्थ्याने स्वतःच्या अनुवादाचे एक पान स्वतः लावावे, उतू जाऊ द्यावे, आणि ते कसे आवरायचे ते शिकावे. मुखपृष्ठकाराचे नाव आपण छापतो, अक्षरजुळणी करणाऱ्याचेही पूर्वी छापत असू. पान लावणाऱ्याचे नाव श्रेयपानावर छापावे.

या नियतकालिकात अनेक भाषांची पाने एकाच कित्त्यावर लागतात. हा मराठी विभाग कोण लावते ते मला माहीत नाही. आपल्याला मराठी येत असो वा नसो, माझी एक विनंती आहे. ओळींमधले अंतर १२० टक्क्यांवर ठेवू नका, भाषा मराठी नोंदवा, आणि चौकटीच्या कोपऱ्यात लाल अधिकचिन्ह दिसले तर मला फोन करा. मजकूर उतू गेला आहे एवढेच म्हणा, मला कळेल. या लेखाचे शेवटचे वाक्य हे आहे. ते पानावर आले आहे ना, तेवढे एकदा पाहा.